पत्र पोचलं!

आमच्या जुन्या घरात खिडकीच्या गजाला एक तार अडकवलेली असे. खाली लाकडाची गोल चकती, वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत खुपसायचं, हा वडिलांचा शिरस्ता. विजेचं बिल, मामाचं खुशालीचं कार्ड, लग्नाची पत्रिका, तेराव्याचं बोलावणं, सगळी मंडळी एकाच तारेत पोटातून ओवलेली. भेदभाव न मानणारी तेवढी एकच जागा आमच्या घरात होती. तार गच्च भरली की खालची पत्रं निघायची आणि बंबात जायची. कित्येक नातेवाइकांच्या खुशालीवर आम्ही आंघोळी केल्या आहेत.

हे सांगायचं कारण म्हणजे चार्ल्स डार्विन. हा गृहस्थ मला बरीच वर्षं फक्त दाढी आणि माकडं यांमुळे ठाऊक होता. मग त्याच्या मुलानं, फ्रान्सिसनं, लिहिलेल्या आठवणी वाचनात आल्या. डार्विनसुद्धा आलेली पत्रं सळ्यांना लावून ठेवत असे! सळ्या भरल्या की कित्येक वर्षांची पत्रं जाळायची आणि रिकाम्या सळ्या पुन्हा वापरायला घ्यायच्या. १८६२ पूर्वी त्याला आलेली जवळजवळ सगळी पत्रं अशीच गेली. नवीन सळ्या विकत आणाव्यात, हे इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाला सुचलं नाही. त्या क्षणापासून तो मला आमच्या आळीतलाच वाटू लागला.

माणूस पत्रवेडा होता. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत देशभर कुठंही पत्र जाऊ लागलं आणि त्या पेनीचा याच्याइतका उपयोग फार थोड्यांनी केला असेल. घर सोडून फारसा कुठं जायचा नाही, प्रकृतीची कायमची तक्रार. पण कबुतरं पाळणारे, माळी, मिशनरी, परदेशातले अधिकारी सगळ्यांना पत्रं. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातला एडवर्ड ब्लाइथ त्याला आपल्याकडच्या पशुपक्ष्यांची माहिती कळवायचा, तर जोसेफ हूकर थेट हिमालयातून लिहायचा. त्याची आलेली-गेलेली मिळून सुमारे १५,००० पत्रं आज ठाऊक आहेत. ती छापायचं काम १९७४ साली सुरू झालं, ते ३० खंडांत पुरं व्हायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. पत्रं लिहायला एक माणूस आणि निस्तरायला दोन पिढ्या!

शिवाय हा सगळ्यांना उत्तरं द्यायचा. विक्षिप्तांनासुद्धा. त्रासदायक लोकांसाठी त्यानं उत्तराचा एक छापील नमुना तयार करून घेतला होता, पण तो वापरला जवळजवळ कधीच नाही. उत्तर दिलं नाही तर मागाहून मनाला लागून राहतं, असं त्याचं म्हणणं. हे वाचलं आणि पुस्तक मिटून मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. का, ते पुढं येईलच.

तर १८५८ चा जून महिना. डार्विनचं वय ४९. सजीवांच्या जाती बदलत जातात आणि निसर्ग त्यांतल्या टिकणाऱ्यांची निवड करतो, हा विचार त्याच्या डोक्यात वीस वर्षं शिजत होता. १८४४ साली हूकरला त्यानं तो पत्रातून हळूच सांगितला, तोही खुनाची कबुली द्यावी अशा सुरात. त्याच वर्षी मोठा निबंध लिहून बाजूला ठेवला आणि मग आठ वर्षं समुद्रातल्या बार्नेकल नावाच्या कवचधारी प्राण्यांत डोकं घातलं. मोठं काम टाळायचं असलं की माणूस कपाट आवरायला काढतो, हा अनुभव जगभर सारखाच दिसतो.

आणि एके दिवशी टपाल आलं. मलाया द्वीपसमूहातल्या तेर्नाते बेटावरून आल्फ्रेड रसेल वॉलेस या ३५ वर्षांच्या माणसानं एक निबंध पाठवला होता. पक्षी आणि कीटक गोळा करून, ते विकून हा पोट भरायचा. ताप अंगात असताना त्याला एक कल्पना सुचली होती. विनंती एवढीच, की वाचून पाहा, आणि बरा वाटला तर चार्ल्स लायेलना दाखवा. डार्विननं वाचलं, तर त्याचाच सिद्धान्त! वीस वर्षं ज्या डब्यावर झाकण ठेवून बसला होता, तोच पदार्थ शेजाऱ्यानं ताटलीत घालून चवीला पाठवला होता.

आता प्रश्न इथं येतो. तेर्नाते हजारो मैल दूर. टपालाला महिने लागत. मधे जहाज बुडू शकत होतं, थैली हरवू शकत होती. आणि घरात त्या सळ्या होत्याच. आठ-दहा महिने गप्प बसून पुस्तक घाईनं उरकलं असतं, तर कोणाला काय कळणार होतं?

डार्विननं १८ जूनला लायेलला पत्र लिहिलं, निबंध आजच आला असं सांगितलं आणि तो सोबत पाठवून दिला. आपलं वेगळेपण आता धुळीला मिळालं, हेही लिहिलं. पुढच्या पत्रात म्हणाला, मी क्षुद्रपणानं वागलो असं वॉलेसला किंवा कोणालाही वाटण्यापेक्षा माझं सगळं पुस्तक जाळून टाकणं मी पत्करीन.

हे वाचताना मला माझी छत्री आठवली.

१९७८ सालची गोष्ट. दिवाळी अंकांचा मोसम. सांगलीकडच्या माझ्या एका मित्रानं छत्रीवरचा एक लेख पाठवला. म्हणाला, वाचून पाहा, बरा वाटला तर एखाद्या संपादकांना दाखव. योगायोग असा, की छत्रीवर लिहायचं माझ्याही मनात दोन वर्षं होतं. मथळा तयार होता. फक्त लेख व्हायचा होता. मी त्याचं पाकीट तारेला लावलं, दोन रात्री जागलो आणि माझी ‘छत्री’ संपादकांकडे रवाना केली. त्यातलं एक वाक्यही त्याचं नव्हतं, शपथेवर सांगतो. त्याचं वाक्य येऊ नये म्हणून तर मी त्याचा लेख दोनदा वाचला!

दिवाळीनंतर तो भेटला. मी म्हणालो, “तुझं पाकीट? नाही रे पोचलं.” तो म्हणाला, “अरे, मग मीच पुन्हा पाठवायला हवं होतं. पण तुझी छत्री झकास उघडलीय हं!” आणि चहाचे पैसे त्यानं दिले.

तिकडे लायेल आणि हूकर यांनी तोड काढली. डार्विनचं जुनं लिखाण आणि वॉलेसचा निबंध, दोन्ही १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचायचे. डार्विन हजर नव्हता. २८ जूनला त्याचं दीड वर्षाचं मूल तापानं गेलं होतं. वॉलेस तर पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला. सोसायटीच्या अध्यक्षांनी पुढं त्या वर्षाचा आढावा घेताना सांगितलं, की यंदा थक्क करणारा शोध काही लागला नाही! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल याहून वेगळा नसतो.

पण मनात एक खुसपट राहतंच. वॉलेसला कोणी विचारलं? निबंध छापू का, अशा जोडीनं छापू का, पुढं कोण, मागं कोण? कोणीच नाही. पंच दोघे, आणि दोघेही डार्विनचे जिवलग. वॉलेसला पत्रानं कळलं तेव्हा त्यानं आनंदानं आईला लिहिलं, की एवढ्या मोठ्या माणसांनी माझी दखल घेतली. पुढं १८८९ मध्ये स्वतःच्या पुस्तकाला त्यानं नावसुद्धा ‘डार्विनिझम’ असंच दिलं. डार्विननंही खटपट करून त्याला १८८१ साली वर्षाला २०० पौंडांचं सरकारी निवृत्तिवेतन मिळवून दिलं. १८८२ साली डार्विनच्या शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत वॉलेस होता.

सगळं गोड झालं. तरी मला वाटतं, वॉलेसनं गोड मानून घेतलं म्हणून न विचारणं योग्य ठरत नाही. समोरच्याचा मोठेपणा त्याच्या खात्यावर जमा होतो, आपल्या नाही. चहाचे पैसे त्यानं दिले म्हणून माझं देणं फिटलं का? डार्विनच्या बाजूनं एवढं मात्र म्हणावंच लागेल, की पत्र त्यानं दाबलं नाही. मोह झाला, तो त्यानं उघड्यावर आणला, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर. मी तो तारेला लावला.

त्यातही इतिहासकार सोडतात थोडेच! वॉलेसनं दुसऱ्या एकाला लिहिलेल्या पत्राचं पाकीट सापडलं. त्यावर लेस्टर गावचा ३ जूनचा शिक्का. मग डार्विनला १८ जूनला कसं मिळालं? पंधरा दिवस दाबून ठेवलं? यावर भांडणं झाली. २०१२ साली दोघा संशोधकांनी टपालबोटींची वेळापत्रकं तपासून दाखवलं, की वॉलेसचं पत्र नंतरच्या बोटीनं निघालं असेल तर १८ जून ही तारीख बरोबर जुळते. दीडशे वर्षांनी एका माणसाची अब्रू बोटीच्या वेळापत्रकावर ठरते!

माझ्या बाबतीत एवढ्या संशोधनाची गरज पडली नाही. मागल्या वर्षी माळा आवरताना आमच्या सौभाग्यवतींना ती तार सापडली. पाकीट उलटंसुलटं करत त्या म्हणाल्या, “अहो, हे छत्रीचं पाकीट सप्टेंबरातच पोचलंय की. शिक्का स्पष्ट आहे.” मी चष्मा पुसत राहिलो.

त्या रात्री मित्राला खरं काय ते लिहिलं. फोन करता आला असता, पण हे पाप पत्राचं होतं. आठ दिवस पोस्टमनची वाट पाहिली. नवव्या दिवशी कार्ड आलं. अक्षर थरथरतं, पण मजकूर ठणठणीत: “छत्रीवर मी कधी काही लिहिलं होतं, हेच आता आठवत नाही. एकदा वाचून पाहा. बरा वाटला तर एखाद्या संपादकांना दाखव.”

लेख काढून बसलो आहे. प्रत्येक पानाच्या मध्यभागी तारेचं भोक आहे, आणि तिथला एकेक शब्द गेला आहे. तेवढे शब्द त्याला विचारून घेतो, आणि मग पाठवतो.