पतित कोण?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भाविकहो, दत्तजयंतीच्या सप्ताहात तिसऱ्या दिवशी श्रीगुरुचरित्राचा सत्ताविसावा अध्याय येतो. त्यातला ‘पतित’ हा शब्द मी वर्षानुवर्षे नुसता वाचून पुढे जात होतो. यंदा मात्र तिथेच अडलो.

संस्कृतात ‘पत्’ धातूचे अर्थ दोन: पडणे आणि उडणे. पातक म्हणजे पाडणारे कर्म. पतित म्हणजे आचारापासून घसरलेला. अवधूतांच्या चोवीस गुरूंमधला पतंगही याच धातूचा. उडतो, आणि ज्योतीच्या मोहाने तिच्यातच पडतो. म्हणजे शास्त्राप्रमाणे माणूस पतित होतो तो कर्माने, आणि कर्माला प्रायश्चित्त आहे. पुढे लोकांनी हा शब्द जन्मालाच चिकटवला. अहो, ज्याला कधी वर चढूच दिले नाही, तो पडणार कुठून?

आता कथा आठवा. वेदविद्येचा गर्व झालेले दोन पंडित गाणगापुरी वाद घालायला आले. महाराजांनी वाटेने जाणाऱ्या एका पतिताला बोलावले, सात रेघा ओढून ओलांडायला लावल्या. सातवी ओलांडताच तो वेद बोलू लागला. पंडितांची मात्र वाचा बसली. मग त्या दिवशी खरे पडले कोण?

आपल्या रत्नागिरीत सावरकर स्थानबद्ध असताना त्यांच्या पुढाकाराने भागोजीशेठ कीरांनी सर्व जातींना खुले मंदिर बांधले. साल १९३१. नाव ठेवले पतितपावन. त्यावरून मी शेकडो वेळा गेलो, हातही जोडले, पण नावाचा विचार केला नाही.

आणि घरात काय केले? धाकट्या बहिणीने जातीबाहेर लग्न केले, तेव्हा वडीलधारे म्हणाले, “ती पतित झाली, आपल्याला मेली.” मी गप्प बसलो. एकोणीस भाऊबीजा ओवाळणीविना गेल्या. दर मार्गशीर्षात पारायण मात्र चुकले नाही.

बँकेत जन्म गेला माझा. खात्यात चुकीची नोंद पडली की दुरुस्तीची नोंद करायची, खातेदाराचे खाते बंद करायचे नाही, हे नव्या पोरांना मीच शिकवीत असे. घरात मात्र नोंद चुकली ती माझी, आणि खाते बंद केले तिचे.

यंदा अठ्ठाविसावा अध्याय संपवून पोथी झाकली आणि फोन लावला. पलीकडून “कोण?” म्हणाली. मी म्हटले, “दादा बोलतोय. समाप्तीच्या प्रसादाला सगळ्यांनी या.” बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग म्हणाली, “भावजींना घेऊन ये, असं म्हण, तर येईन.” मी म्हटले.

सज्जनहो, पारायणाला बसण्याआधी आपापल्या घरात कोणाला पाडून ठेवले आहे का, तेवढे बघा. उचलायला गेलात तर आपणच उठतो.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!