खिन्न मनाचे प्रकार व मंडळीचें कर्तव्य

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १९, वचनें १ ते १८



एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपल्या मंडळ्यांत पुष्कळ वेळां सांगितली जाते. परंतु बहुधा ती कर्मेल डोंगरावरच थांबते. आकाशांतून अग्नि उतरला, बआलाचे संदेष्टे फजीत झाले, पाऊस आला, आणि आपण आमेन म्हणून उठतों. पुढचा अध्याय वाचिला म्हणजे निराळाच एलीया दृष्टीस पडतो. ईजबेल राणीची धमकी ऐकून तो पळाला, चाकरास मागें ठेवून एकटाच अरण्यांत गेला, आणि एका रतामाच्या झुडुपाखालीं बसून त्यानें देवाजवळ मरण मागितलें.

आतां देवानें काय केलें तें पाहा. त्याचा विश्वास कोठें गेला असें विचारून देवानें त्यास धमकाविलें नाहीं. प्रथम झोंप दिली. मग निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिलें. पुन्हां झोंप, पुन्हां भाकर. नंतर त्याचें गाऱ्हाणें दोन वेळां ऐकून घेतलें. शेवटीं त्यास काम दिलें, अलीशा हा सोबती दिला, आणि तो एकटा नसून सात हजार उरले आहेत हें कळविलें. आपण मात्र प्रत्येक खिन्न मनुष्यास एकच औषध देतों. तें म्हणजे दटावणी.

ह्याचें कारण असें कीं, खिन्नता एकाच प्रकारची असते असा आपला समज आहे. मुंबईंत सांताक्रूझच्या पूर्वेस वाकोला ही वस्ती आहे. गांवाकडून पोटासाठीं गेलेलीं पुष्कळ कुटुंबें तेथें राहतात. ता. २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या पावसाची सांताक्रूझच्या वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलिमीटर इतकी नोंद झाली. मिठी नदी व तिला मिळणारा वाकोल्याचा नाला फुगला, आणि पुष्कळांचे संसार पाण्यांत गेले. अशा आपत्तीनंतर रडूं येतें, झोंप उडते; हें स्वाभाविक दुःख होय. तें लाटांप्रमाणें येतें. मध्येंच मनुष्य हसतो, जेवतो. आणि सोबत मिळाल्यास बहुतेकांचें दुःख हळूहळू हलकें होतें.

परंतु सर्व खिन्नता अशी नसते. समजा, त्याच वाकोल्याच्या एका चाळींत चौघेजण "मन लागत नाहीं" असें म्हणत आहेत. शब्द एकच; आजार मात्र निरनिराळे.

पहिला एक कामगार. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ दिवसभर, त्याचें मन काळवंडलेलें आहे. कशांतच गोडी नाहीं. झोंप व भूक गेली. अंगांत त्राण नाहीं. आपण निरुपयोगी आहों असें वाटतें. मरणाचे विचार येतात. हें तीव्र नैराश्य. कधीं कधीं त्यास कारणहि सांपडत नाहीं. आपल्या लोकांत हा आजार "डोकें जड झालें", "हातपाय गळाले" अशा शब्दांनीं बोलतो, म्हणून तो लवकर ओळखूं येत नाहीं.

दुसरा एक कारकून. नोकरीस जातो, उपासनेस येतो. पण दोन वर्षांहून अधिक काळ सारखा मलूल. लोक म्हणतात, त्याचा स्वभावच तसा. हा स्वभाव नव्हे. रेंगाळणारें नैराश्य होय, व तेंहि उपचारानें सुधारतें.

तिसरी एक बाळंतीण. प्रसूतीनंतर थोडे दिवस रडूं येणें पुष्कळ जणींस होतें, व दोन आठवड्यांच्या आंत तें जातें. न गेलें, तर तो आजार समजावा. तिला भलतेंसलतें ऐकूं येऊं लागलें किंवा बाळाविषयीं भ्रम झाला, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. अंगारे-धुपारे करीत बसूं नये.

चौथा एक तरुण. आज तो खिन्न आहे; परंतु मागें कित्येक दिवस न झोंपतां उल्हासानें फिरत होता, पैसे उधळीत होता. हा दोन टोकांमध्यें झुलणारा आजार. ह्यांत नुसतें नैराश्याचें औषध दिल्यास उन्माद उसळूं शकतो. म्हणून ती मागची हकीकत डॉक्टरांस अवश्य सांगावी.

शिवाय थायरॉइड ग्रंथीचा दोष, रक्ताची कमतरता, दारूचें व्यसन, ह्यांमुळेंहि मन खचतें. सबब शरीराचीहि तपासणी झाली पाहिजे.

उपदेशक बंधूंनो, येथें एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. नैराश्यानें ग्रासलेला मनुष्य "मी महापापी आहें" असें म्हणतो, आणि आपण त्यास पश्चात्ताप समजून आनंद मानितों. दोहोंत मोठें अंतर आहे. पश्चात्तापी मनुष्य क्षमेची वार्ता ऐकून हलका होतो. आजारी मनुष्यास तीच वार्ता शंभर वेळां सांगितली तरी ती त्याच्या मनाला लागत नाहीं. पापाविषयीं अधिक उपदेश केला तर तो आणखी खोल जातो. अशा जखमेवर मीठ चोळूं नका.

निदान करणें हें डॉक्टरांचें काम आहे. आपलें काम ईयोबाच्या मित्रांकडून शिकावें. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर त्यांनीं चांगलें केलें. दोष देण्यास तोंड उघडलें तेव्हां ते चुकले. म्हणून प्रथम जवळ बसा. मग मृदु शब्दांनीं विचारा कीं, मरून जावेंसें वाटतें काय? विचारल्यानें तो विचार मनांत शिरत नाहीं. उलट कोंडलेला मनुष्य बोलूं लागतो. तो होय म्हणाला, तर त्यास एकटें सोडूं नका, आणि घरांतील फवारणीचें औषध त्याच्या हातीं लागणार नाहीं असें करा. मग त्याच्याबरोबर स्वतः जिल्हा रुग्णालयांत जा. ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथें सरकारी मनोरुग्णालयें आहेत. मुंबईंतील बांधवांस शीव व परळ येथील महापालिकेचीं मोठीं रुग्णालयें आहेत. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा २०२२ सालीं सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर मराठींतहि बोलतां येतें. औषधाचा गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात. आठ दिवसांत बरें वाटलें नाहीं म्हणून, किंवा बरें वाटूं लागलें म्हणून, तें आपल्या मनानें बंद करूं नये.

औषध घेणें हा अविश्वास आहे असें कोणी म्हणेल, तर त्यास एलीयाची भाकर दाखवा. पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता, हेंहि सांगा.

आणि हें वाचणाऱ्यांपैकीं जो कोणी आज त्या झुडुपाखालीं बसला असेल, त्यानें हें जाणावें : ८८ वें स्तोत्र आरंभापासून शेवटपर्यंत अंधारांत आहे, तरी तें पवित्र शास्त्रांतून वगळलेलें नाहीं. तुमची प्रार्थना नुसता हुंदका असली तरी ती प्रार्थनाच आहे. भाकर खा, झोंप घ्या, आणि कोणातरी एकाला सांगा. वाट लांब आहे हें देव जाणतो. म्हणूनच त्यानें एलीयास दुसऱ्यांदा उठवून जेवूं घातलें.