शिदोरी

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये 27:33-38



ग्वाल्हेरचा टोपी बाजार ज्या वस्तीत आहे तिचे नाव लष्कर. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. तंबू गेले, दुकाने आली. रोज ताजी पोळी मिळू लागली की वाटेच्या भाकरीची आठवण राहत नाही.

वाटेची भाकर निराळी. आपल्या दशम्या दोनचार दिवस टिकतात. खलाशांचे व शिपायांचे हार्डटॅक, म्हणजे कडक बिस्किट, महिनोन्‌महिने टिकते. इंग्रजी आरमारात खलाशाला ते रोज एक पौंड मिळे. घरीही करता येते. तीन वाट्या कणीक, सुमारे एक वाटी पाणी, थोडे मीठ. तूप घालू नये, ते खवट होते. घट्ट मळून अर्धा इंच जाड लाटावे, चौकोन कापून टोचावेत, म्हणजे वाफ निघून जाते व ते फुगत नाहीत. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा तास भट्टीत भाजून खडखडीत वाळवावे. ओल राहिली की बुरशी आलीच. दाताने ते फुटत नाही. फोडून चहात भिजवावे लागते.

कोणी म्हणेल, साठवणे हा अविश्वास नव्हे काय? रानात इस्राएलांनी सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्नात किडे पडले. खरे आहे. पण तोच मान्ना देवाच्या आज्ञेने शब्बाथासाठी ठेवला तेव्हा नासला नाही. दोष ठेवण्यात नाही; कोणाच्या शब्दावरून व कोणासाठी ठेवले, यात आहे. लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवानाने कोठारे वाढवायचे ठरवले ते स्वतःसाठी. शिदोरी मात्र वाटेवर, सोबत्यांमध्ये सोडायची असते.

आता पौलाकडे पाहा. तारू वादळात, चौदा दिवस लोक उपाशी, एकंदर 276 जीव. त्याने भाकर घेतली, सर्वांदेखत देवाचे आभार मानले, ती मोडली आणि खाऊ लागला. तेव्हा सर्वांना धीर आला. तो विश्वास त्या रात्री मळलेला नव्हता. वर्षानुवर्षांच्या प्रार्थनेत व संकटांत तो भाजून निघाला होता. त्यात दिखाऊपणाची ओल उरली नव्हती.

आपले काय? इस्पितळातून वाईट बातमी येते, कर्ता मुलगा नोकरी गमावतो, त्या रात्री पीठ मळायला वेळ नसतो. म्हणून सुखाच्या दिवसांत घरची प्रार्थना चुकवू नका, मुलांकडून वचने पाठ करून घ्या. आज ती मुलांना कोरडी, कठीण वाटतील. अश्रूंत भिजली म्हणजे मऊ होतील.

आणि तारवात तुमच्या शेजारी कोणी रिकाम्या हातांनी बसले असेल. त्याच्यादेखत आभार माना, आणि आपली भाकर मोडा.