पाहुणे सर, भाडेकरू सर

नीटचा निकाल लागला की लातूरच्या उद्योग भवन परिसरात आणि नांदेडच्या श्यामनगर-बाबानगर भागात आठवड्याभरात फलक बदलतात. मुलांचे फोटो आणि गुण पूर्वीपासून असायचे. आता त्यांच्या बरोबरीने ‘कोटा फॅकल्टी’, ‘हैदराबाद फॅकल्टी’ अशी अक्षरे झळकतात. त्यावर परिसंवाद होतात, पुरवण्यांत लेख येतात आणि वाद ठरलेल्या वळणाने जातो : शिक्षक बाहेरचे हवेत की आपले? दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात आणि दोन्हीही एक गोष्ट गृहीत धरतात, की शिक्षक कुठून आला यावर काहीतरी ठरते. मला हा प्रश्नच उथळ वाटतो.

‘आपल्या पोरांना आधी घ्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या माळावर 17 सप्टेंबर 1994 रोजी जे विद्यापीठ सुरू झाले, ते एका बाहेरून आलेल्या मुख्याध्यापकाच्या नावाचे आहे. स्वामी रामानंद तीर्थ विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईला शिकवत होते तेव्हा त्यांचा जन्मदाखला कुणी मागितला नव्हता. ‘आता सगळे मोबाइलवर आहे, शिक्षक कुठला हा प्रश्नच उरला नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा या गल्ल्यांत सकाळी सहाला येऊन सायकलींची गर्दी पाहावी.

खरा मुकाबला तिसऱ्या मताशी आहे, कारण ते शहाण्यासारखे बोलते. हे मत म्हणते : विषय सगळीकडे सारखाच आहे. कार्बनचे चार बंध किनवटलाही चारच आणि कोट्यालाही चारच. मग ज्याला ते उत्तम शिकवता येतात त्याला आणा, चांगले पॅकेज द्या, राहण्या-जेवण्याची सोय करा. तो संध्याकाळनंतर काय करतो, कुठे राहतो, हा त्याचा खासगी मामला. शिकवणे हे कौशल्य आहे आणि कौशल्य गावोगाव नेता येते.

यातले पहिले विधान मला पूर्ण मान्य आहे. विषय सारखाच असतो. पण न समजणे सारखे नसते. दहावीपर्यंत मुखेड तालुक्यात मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीला इंग्रजी पुस्तकासमोर बसतो, तेव्हा त्याचे नेमके कुठे अडले आहे हे त्यालाही सांगता येत नाही. ‘सर, होईना झालंय’ एवढेच तो म्हणू शकतो, आणि तेही म्हणण्याची हिंमत झाली तर. उत्तम व्याख्यान त्याच्या डोक्यावरून जाते असे नाही. वर्गात बसून त्याला ते समजल्यासारखेही वाटते. खोलीवर गेल्यावर पहिल्याच गणिताला पेन थांबते. मग तो कुठे जातो? डाऊट काउंटरवर. तिथे एमएस्सी झालेला, अहमदपूरचा किंवा लोह्याचा, तज्ज्ञ सरांच्या मानाने किरकोळ पगारावरचा एक तरुण बसलेला असतो. तो मुलाच्या वहीत दोन पाने मागे जातो आणि आठवीतली राहून गेलेली गोष्ट आधी दुरुस्त करतो. कौशल्य सुटे करून गावोगाव नेता येते, तर हे काउंटर कशासाठी? ज्यांचा धंदा या मतावर उभा आहे, त्यांनीच ते पुरेसे नाही याची कबुली काचेच्या त्या खिडकीत बसवून ठेवली आहे. फक्त त्या कबुलीचा फोटो फलकावर येत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते : निकाल पाहा. निकाल आहेत, नाकारत नाही. पण फलकावरचा निकाल बहुतेक वरच्या बॅचचा असतो आणि तज्ज्ञ सरांचे तासही जास्त तिकडेच असतात. चाचण्यांच्या गुणांवर मुले गळत गळत खालच्या बॅचला जातात. तिथे कोण शिकवतो हे पालकही विचारत नाहीत. शिवाय लातूरचे नाव झाले ते अशा आयात तज्ज्ञांमुळे नव्हे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांत जी पद्धत रुजली, तिच्यात जादू नव्हती : जादा तास, सततच्या चाचण्या, तपासलेल्या पेपरवर पुन्हा बसणे. हे सारे करणारे बरेचसे प्राध्यापक त्याच गावात घर करून होते. संध्याकाळी गंजगोलाईत भाजी घेताना त्यांना पालक गाठायचे आणि पोराची चौकशी करायचे. या चौकशीतून सुटका नसणे हा पद्धतीचाच भाग होता, असे मी म्हणेन. पुढे पद्धतीची नक्कल सगळ्यांनी केली. हा भाग तेवढा राहून गेला.

तिसरे विधान, की राहणे खासगी असते, मला सर्वांत चुकीचे वाटते. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर असे तिघे सर राहतात. फ्लॅट संस्थेचा, भाडे संस्था भरते. सकाळी साडेसहाला गाडी येते, रात्री नऊला सोडते. पाण्याचे जार एक मुलगा आणून ठेवतो, डबा मेसमधून येतो. तिघेही सभ्य, मेहनती आणि थकलेले. त्यांतल्या बिहारच्या सरांनी एका 17 सप्टेंबरला खाली झेंडावंदन चाललेले पाहून मला हिंदीत विचारले, ‘अंकल, आज क्या है?’ या गावात त्यांना दोन-तीन वर्षे झाली होती. त्यांचा काही दोष नव्हता. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि सांगण्याची वेळच येणार नाही अशी त्यांची सोय लावलेली होती. पुढच्या हंगामात दुसऱ्या संस्थेने जास्त पॅकेज दिले की ते जातील. जाताना कुणाची उधारी चुकवायची नसेल, कारण उधारी करण्याइतका संबंधच कुणाशी आला नाही.

ही व्यवस्था पूर्णत्वाला गेलेली पाहायची तर चीनच्या विद्यापीठांकडे पाहावे. इंग्रजी शिकवायला येणाऱ्यांना तिथे अनेक वर्षे सरकारदरबारी ‘विदेशी तज्ज्ञ’ असा दर्जा होता आणि अनेक ठिकाणी आवारातच त्यांच्यासाठी वेगळी इमारत असते. आदर भरपूर, अडचण एकही नाही. आपण नेमके हेच आदर्श म्हणून उचलतो आहोत. पण चीनमध्ये शिकवलेल्या परक्या माणसाचे आपल्या शेजारचे उदाहरण वेगळेच सांगते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले ते पाहुणे म्हणूनच. पुढे ते चिनी शिकले, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत शल्यक्रिया शिकवू लागले, तिथल्याच गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. आपण त्यांच्या हौतात्म्यावर थांबतो. मला त्याआधीची गोष्ट मोलाची वाटते : ते त्या मुलखावर अवलंबून राहू लागले, आणि अवलंबून राहणारा माणूस पाहुणा राहत नाही.

म्हणून भेद करायचाच तर तो पाहुणा आणि भाडेकरू यांच्यात करावा. पाहुण्याची सोय दुसरा लावतो. भाडेकरू स्वतःची सोय गावाकडून मिळवतो. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा माझ्या ओळखीचे गुंटूरचे एक भौतिकशास्त्राचे सर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होते. निळा ड्रम घेऊन ते टँकरच्या रांगेत उभे राहायचे, घरमालकिणीशी पाण्यावरून भांडायचे. त्यांचे मराठी त्या भांडणांतच सुधारले. रांगेत मागे त्यांचेच विद्यार्थी असत. ज्या सरांना आपण ड्रम उचलायला हात दिला, त्यांना वर्गात ‘समजलं नाही’ म्हणायला पोराला लाज वाटत नाही. पाहुण्यासमोर घर आवरून ठेवतात. अज्ञानही तसेच आवरले जाते.

हा भेद बाहेरच्या-आपल्या वादाला आडवा छेद देतो. लातूरचाच असून मोटारीतून वर्गात आणि वर्गातून मोटारीत जाणारा सर पाहुणाच. आणि सारे प्रकरण नुसत्या मुक्कामाचेही नाही. 2022 साली जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी मुख्यालयी राहावे यावरून मराठवाड्यात रान पेटले, तेव्हा चर्चा घरभाडे भत्ता आणि ग्रामसभेचा ठराव यांच्या पुढे गेली नाही. शिक्षक गावात झोपतो का, हे त्या वादाने विचारले. त्याचे गावाशी काही अडते का, हे विचारले नाही. कदाचित सगळ्याच शिक्षकांना हे साधणार नाही. एकट्या तरुणाला परक्या गावात खोली मिळवणे सोपे नसते, आणि त्याचा धर्म किंवा जात पाहून ती नाकारणारे घरमालक आपल्याकडे आहेत. तेव्हा त्याला पाहुणा करून ठेवण्यात आपलाही हात आहे. पण म्हणून पाहुणेपणालाच गुणवत्ता म्हणण्याचे कारण नाही.

पुढच्या जूनमध्ये फी भरण्यापूर्वी पालकांनी सर कुठले, त्यांचा रँक किती, हे विचारू नये. सरांच्या घराचे भाडे कोण भरतो, ते विचारावे. ‘संस्था भरते’ असे उत्तर आले, तर आपल्या मुलाचा डाऊट काउंटरवरचा सर कोण असेल, याचीही चौकशी त्याच वेळी करून घ्यावी. कारण वर्षभर मुलाला शिकवणार तो आहे.