दयेची अक्षयनीवी

दुसऱ्याने हौसेने आणलेला, हौस फिटल्यावर दुर्लक्षित राहिलेला आणि अखेर घर बदलण्याच्या धांदलीत टाकून देण्याची वेळ आलेला एखादा मुका जीव जेव्हा आपण आपल्या घरी आणतो, तेव्हा आपल्या हातून काही पुण्य घडले अशी भावना मनात सहज उत्पन्न होते. परंतु ते पुण्य नेमके केव्हा घडले, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. जीव हवाली झाला त्या घटकेलाच ते पदरी जमा झाले, की त्या घटकेला केवळ खाते उघडले गेले आणि जमाखर्च पुढे आहे? अंबडमध्ये राहणाऱ्या आमच्या कुटुंबात एक पाण्यातले कासव आले आणि त्याच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करणे मला भाग पडले.

अंबड हे गाव आता नाशिकच्या औद्योगिक पसाऱ्यात मिसळून गेले आहे. कारखान्यांतील नोकरीसाठी आलेली कुटुंबे येथे भाड्याने राहतात, काही वर्षांनी बिऱ्हाड हलवतात, आणि सामानाच्या यादीत न बसणारे जे मागे उरते त्यात कधी काचेच्या भांड्यातले कासवही असते. आमचे कासव याच वाटेने आले. तळहातावर सहज मावेल एवढे असताना, घरात कासव असले की लक्ष्मी स्थिर राहते या समजुतीने, ते विकत घेतले गेले होते. ते वाढले, भांडे मात्र तेवढेच राहिले. आमच्याकडे आले तेव्हा त्याच्या पापण्या सुजून डोळे मिटलेले होते, कवच दाबले असता किंचित लवत होते आणि पाण्याला उग्र दर्प होता. डोळ्यांमागच्या तांबड्या पट्ट्यावरून त्याची जात कळली: अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातले, जगभर पाळीव म्हणून विकले जाणारे ‘रेड-इअर्ड स्लायडर’.

ज्या समाजात कासवाला एवढे धार्मिक स्थान आहे, त्याच समाजात जिवंत कासवाची ही अवस्था व्हावी, यात एक विलक्षण विसंगती आहे. विष्णूच्या दहा अवतारांत कूर्म दुसरा. समुद्रमंथनाच्या वेळी मंदर पर्वत त्यानेच पाठीवर तोलला, आणि त्या मंथनातून निघालेल्या अमृतकुंभाच्या स्मरणार्थ नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. महाराष्ट्रातील शिवालयांत नंदीच्या पुढे जमिनीत कोरलेल्या कासवाला हात लावून नमस्कार केल्याशिवाय भाविक गाभाऱ्याकडे वळत नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रिये आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला उपमा दिली आहे ती अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाचीच. या साऱ्या गौरवाचा परिणाम मात्र असा झाला आहे की कासव आपल्याला प्रतीक म्हणून पूर्ण परिचित आहे आणि प्राणी म्हणून जवळजवळ अपरिचित. भांड्याच्या तळाशी निश्चल पडलेल्या त्या जिवाकडे पाहून ‘किती शांत आहे’ असे म्हणणारी माणसे मी ऐकली आहेत. ती शांती नव्हती. गारठा, उपासमार आणि भय यांनी आलेली ती ग्लानी होती. दुसऱ्याच्या यातनेला योग समजणे ही भक्तीची सर्वांत सोपी चूक आहे.

संतवाङ्मयातील एक रूढ दृष्टान्त येथे आठवतो. कासवी पिलांना पान्हा देत नाही, ती केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते, अशी कल्पना करून गुरुकृपेचे आणि देवाच्या वात्सल्याचे वर्णन आपल्याकडे वारंवार आले आहे. काव्य म्हणून ती कल्पना अनुपम आहे. वस्तुस्थिती अशी की कासवी काठावरच्या मातीत अंडी पुरते आणि निघून जाते. पिले आपल्या बळावर जगतात किंवा मरतात. नदीकाठच्या पिलाला आईच्या दृष्टीची गरज नाही, कारण ऊन, पाणी आणि भक्ष्य यांची तजवीज सृष्टीने करून ठेवलेली असते. काचेत कोंडलेल्या कासवाची ती तजवीज आपण तोडून टाकतो आणि तिच्या जागी नुसती आपली दृष्टी ठेवतो. त्या भांड्याकडे पूर्वीच्या घरातील मंडळी रोज पाहत असणारच. पाहण्याने पोषण झाले नाही.

मग पोषण कशाने होते? कासवाचे कवच त्याच्याच पाठीच्या कण्याचे आणि बरगड्यांचे बनलेले असते. ते घट्ट राहण्यास लागणारा चुना अन्नातून शरीरात मुरावा म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व लागते, आणि ते घडण्यास सूर्यप्रकाशातील विशिष्ट अतिनील किरण लागतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ते किरण जवळजवळ उरत नाहीत. म्हणून एक तर देखरेखीखाली उघडे ऊन द्यावे लागते किंवा त्या किरणांचा खास दिवा लावावा लागतो, आणि तो दिवा दिसायला पेटत असला तरी काही महिन्यांनी त्यातील किरण क्षीण होतात म्हणून वेळेवर बदलावा लागतो. अंग पूर्ण कोरडे करता येईल असा एक उंचवटा आणि त्यावर तीस-बत्तीस अंशांची ऊब हवी. पौष-माघात नाशिकचा गारठा हाडात शिरतो तेव्हा पाणीही पंचविसाच्या आसपास कोमट राखावे लागते, कारण बाहेरच्या उष्णतेवर जगणाऱ्या या प्राण्याचे पचन थंडीत थांबते आणि भरवलेले अन्न पोटातच कुजू शकते. सुजलेले डोळे बहुधा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाची आणि घाण पाण्याची साक्ष देतात. सुक्या कोळंबीचा एकच खुराक वर्षानुवर्षे दिला की असे होते. त्यावर औषध सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याने द्यावे, घरच्या अंदाजाने नव्हे. हे कासव पाण्याबाहेर घास गिळू शकत नाही; लहानपणी त्याला मांसाहार अधिक लागतो आणि वय वाढते तशी पाल्याची, पाणवनस्पतींची गरज वाढते. मादी तर फूटभरापर्यंत वाढते, तेव्हा तिला पोहता येईल अशी मोठी टाकी आणि मळ सतत काढणारी गाळणी लागते. त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर हात धुवावे लागतात आणि त्याचे भांडे स्वयंपाकघरात धुता येत नाही. याच जंतूंमुळे अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी केली.

हा तपशील कोणाला निबंधाच्या विषयाबाहेरचा वाटेल. मला तो विषयाचा गाभा वाटतो. धर्मशास्त्राने गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ, म्हणजे इतर जिवांना अन्नाचा वाटा देणे, आहे, आणि तो पर्वकाळी करावयाचा नसून नित्य करावयाचा आहे. दया ही भावना म्हणून क्षणभर टिकते. धर्म म्हणून टिकायची तर तिला पाण्याच्या उष्णतेची नोंद आणि गाळणीची सफाई या रूपांतच उतरावे लागते.

यावर एक जुना आणि सात्त्विक आक्षेप असा येतो की, बंधनात ठेवून केलेली सेवा हीसुद्धा हिंसाच. त्यापेक्षा त्या जिवाला रामकुंडात किंवा गंगापूरच्या जलाशयात सोडून मोकळे का करू नये? बंदिस्त जिवाला सोडणे हे अभयदान, आणि अभयदान हे दानांत श्रेष्ठ, ही आपली परंपराच आहे. परंतु दानाला पात्र आणि देश पाहावा असेही तीच परंपरा सांगते. ही जात आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने प्रसिद्ध केलेल्या जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहे. युरोपीय संघाने १९९७ साली तिची आयात बंद केली, ती अशाच सोडून दिलेल्या कासवांमुळे. अंबडजवळून वाहणारी नंदिनी गोदावरीस मिळते आणि गोदावरी पुढे नांदूरमध्यमेश्वरास जाते, जे रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र आहे. तेथल्या देशी कासवांच्या ऊन खाण्याच्या जागांवर आणि भक्ष्यावर हा परका वाटेकरी सोडणे, त्याच्याबरोबर त्याचे रोग सोडणे, म्हणजे एकाला अभय देऊन अनेकांच्या वाट्याला भय लिहून देणे होय. शिवाय डोळे मिटलेल्या, कवच मऊ पडलेल्या जिवाला प्रवाहात सोडणे हे त्याच्यासाठीही मोचन नव्हे. त्यात मुक्त होतो तो सोडणारा, आपल्या जबाबदारीतून.

अंबडपासून जवळच, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, पुण्य नेमके केव्हा घडते या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कोरून ठेवलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथील लेणे भिक्षुसंघास दिले; पण लेणे देऊन तो थांबला नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार पाऊण दराने. मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. दोन हजारांच्या वार्षिक व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावे अशी योजना होती, आणि हिशेब मांडून पाहिला तर तो चोख जुळतो. हा व्यवहार निगमसभेत जाहीर होऊन रीतसर दप्तरी नोंदला गेला. या ठेवीला अक्षयनीवी म्हणत. उषवदाताने ओळखले होते ते असे की, आसरा दिल्याने दान सुरू होते, पुरे होत नाही. देणाऱ्याचा उत्साह ओसरल्यावरही ज्याची व्यवस्था चालू राहते तेच दान.

याच बुद्धीने गेल्या शतकांत आपल्याकडे पांजरापोळ उभे राहिले. अंबडला लागून चुंचाळ्याच्या शिवारात नाशिकच्या पांजरापोळाची जमीन आहे. दूध न देणाऱ्या, नांगर न ओढणाऱ्या जनावराला मरेपर्यंत चारा घालायचा, या निश्चयात भावनेपेक्षा बंदोबस्त अधिक आहे. कासवाच्या बाबतीत तर हा बंदोबस्त अधिक कठोर कसाला लागतो, कारण नीट सांभाळलेले हे कासव वीस-तीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते आणि त्या दीर्घ काळात कुत्र्यामांजरासारखी प्रेमाची पोचपावती बहुधा देत नाही. उचलून घेणे, कुरवाळणे त्याला सुखाचे नसून त्रासाचे असते. त्याने आपल्याला पाहून पाण्यात सूर मारावा, हीसुद्धा त्याची प्रकृती सुधारल्याची खूण. गीतेच्या ज्या अध्यायात कासवाची उपमा आहे त्याच अध्यायात फळाची अपेक्षा न धरता कर्म करण्याचा उपदेश आहे. त्या उपदेशाचा अभ्यास करण्यास याहून योग्य सोबती मिळणे कठीण.

माणसे उपाशी असताना परदेशी कासवावर दिवे आणि औषधे खर्चावीत काय, असे कोणी विचारील. प्रश्न गैर नाही. पण कर्तव्य केवळ गरजेच्या तीव्रतेवरून ठरत नाही, ते ऋणावरूनही ठरते. या जिवाची स्वतःचे पोट भरण्याची शक्ती माणसाने आपल्या हौसेखातर हिरावून घेतली. ते कर्ज माणसाच्याच नावावर आहे, आणि ज्याने कासव दत्तक घेतले त्याने ते कर्ज स्वखुशीने आपल्या नावावर करून घेतले.

म्हणून व्यवहार स्पष्ट असावा. कासव देशी जातीचे असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ते घरी बाळगताच येत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून ते त्यांच्या स्वाधीन करावे. परदेशी असेल तर टाकी, ऊन, खुराक, वैद्य आणि आपल्या पश्चात त्याला कोण सांभाळील याची तजवीज आधी करावी, आणि मगच दयेचा शब्द उच्चारावा. ज्याला ही तजवीज जमणार नाही त्याने लक्ष्मीसाठी धातूच्या कासवावर समाधान मानावे. आणि ज्याच्या घरी जिवंत कासव आले आहे, त्याने ते गोदावरीत सोडून पुण्य मिळाले असे समजू नये.