फॉरमॅट मारण्याआधी

आईचा लॅपटॉप मधेच अडकायचा. मी इंजिनिअर. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेतला, फॉरमॅट मारला, विंडोज नव्याने टाकलं. तीन आठवड्यांनी तो पुन्हा अडकू लागला. दोष हार्ड डिस्कमध्ये होता. नवं विंडोज टाकून डिस्क नवी होत नाही. डिस्क वाचताना येणाऱ्या चुका विंडोज इव्हेंट लॉगमध्ये नोंदवत असतं. त्या नोंदी मी न वाचताच पुसल्या होत्या. सोबत आईच्या शिकवणीच्या नोट्सही गेल्या. त्या सी ड्राइव्हवर भलत्याच फोल्डरमध्ये होत्या. मी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "असू दे रे."

फॉरमॅट चूक नाही. व्हायरस खोल शिरला असेल, तर सिस्टिम काय सांगते यावरच भरवसा उरत नाही. तेव्हा पुसणंच शहाणपणाचं. पण तो कारण शोधून घेतलेला निर्णय असतो. माझा निव्वळ कंटाळा होता. बिघाड गेला असता, तरी तो कशाने गेला हे मला कळलं नसतं.

स्वतःच्या मशीनवर हा जुगार चालतो. दुसऱ्याच्या मशीनवर आधी लॉग वाचावा, डिस्क तपासावी आणि मालकाला विचारावं: यात तुझं काय काय आहे?