हवेचं देणं कोणासाठी?

सोलापूरकडच्या माढ्याच्या काळ्या रानात नांगर खोल गेला की बोराएवढे पांढरे खडे वर येतात. ही चुनखडी. शेतकऱ्याला ती नकोशी असते, कारण पिकाला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की आम्ल सोडून त्या साफ कराव्या लागतात. त्याच आम्लाचा थेंब या खड्यावर टाकला तर तो फसफसतो. बुडबुड्यांतून निघतो तो कार्बन डायऑक्साइड. पावसाच्या पाण्याबरोबर आणि मुळांच्या श्वासातून तो मातीत मुरला, झिजणाऱ्या काळ्या दगडातल्या कॅल्शियमशी जुळला आणि खडा झाला.

तो काळा दगडही एके काळी लाव्हा होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो जमिनीतून उसळला, तेव्हा त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू हवेत गेले. तैत्तिरीय उपनिषदात आकाशातून वायू, वायूतून अग्नी, अग्नीतून पाणी आणि पाण्यातून पृथ्वी असा क्रम सांगितला आहे. माढ्याच्या मातीत हा क्रम उलटाही चालतो. पृथ्वीतून वायू निघतो आणि पाण्याच्या हातानं पुन्हा पृथ्वीत जातो.

शुक्रावर हे फिरणं थांबलं. आकारानं तो जवळजवळ पृथ्वीएवढाच, पण त्याच्या हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून अधिक. त्या हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि जमिनीचं तापमान ४६० अंशांच्या वर. पृथ्वीच्या चुनखडकांत कोंडलेला कार्बन सगळा मोकळा केला तर इथंही जवळपास तेवढाच वायू भरेल. शुक्रावर पाणी टिकलं नाही, म्हणून वायूला दगडात परतायची वाट राहिली नाही. गंधकाम्लाचा पाऊस तिथं पडतो, पण जमिनीला टेकण्याआधीच विरून जातो.

मंगळाचं दुःख वेगळं. तिथं नद्या वाहिल्याच्या खुणा आहेत, म्हणजे एके काळी हवाही दाट असली पाहिजे. पुढे त्याचं चुंबकीय कवच गेलं, गुरुत्व आधीच कमी, आणि हवा अवकाशात निसटत राहिली. आज तिचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी पोचलेल्या इस्रोच्या मंगळयानानं तिच्या सर्वांत वरच्या, निसटत्या थरातले वायू मोजले.

वास्तुशांतीला नवग्रह मांडून शुक्र-मंगळाची कृपा मागणाऱ्या घरात हा प्रश्न विचारायलाच हवा: श्वासाची हवा देवानं माणसासाठी केली का? तिच्यातला २१ टक्के ऑक्सिजन मुळात सूक्ष्म जीवांनी सोडायला सुरुवात केली. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला, तेव्हा बऱ्याच जुन्या जीवांना तो विषच होता. माणूस फार उशिरा त्या हवेत घडला. ‘आपल्यासाठी’ एवढं सोडून दिलं तर कृतज्ञता कमी होत नाही, उलट तिला अधिक जणांचे आभार मानावे लागतात.

अवघड भाग पुढे आहे. हवा हे देणं असेल, तर मंगळाला ते देऊन काढून का घेतलं? तिथं कोणी पाप केलं नव्हतं. हवा हरपणं ही शिक्षा नसते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या माढ्यात पाऊस हुकला की ‘देव कोपला’ म्हणतात आणि त्या बोलण्यात गावाला नकळत दोषी धरलं जातं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरातल्या ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, तेव्हा ठरावीक क्षेत्रात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस झाला. पाऊस काही अंशी अडला होता तो कणांपाशी, कोणाच्या पुण्याईपाशी नव्हे.

तरी एका ठिकाणी कर्माची भाषा खरी वाटते. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता. कोळसा आणि तेल जाळल्यानं आता तो ४२० च्या वर गेला आहे. इथं कर्ता माणूसच. पण ज्याचं कर्म त्यालाच फळ हा नियम इथंही लागू पडत नाही, कारण माढ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यानं त्या कोळशातलं आणि तेलातलं फारच थोडं जाळलं आहे.